धुराडं बँड ऐकायला नागोयाला

नागोयाला जायचं मी पुण्यातूनच ठरवून निघाले होते. केतकीला, म्हणजे माझ्या मुलीला, ते टोकियोत आल्यावर आठवडाभराने सांगितलं. तिच्या हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी कचरा वेगळा करत होतो. बाटली एका पिशवीत, झाकण आणि लेबल दुसरीत.

"शनिवारी मला नागोयाला एक बँड ऐकायचाय," मी म्हटलं.

"कुठला? बाबांचा तो धुराडं बँड?"

"तोच."

"आई, तिथे खुर्च्या नसतात. दोन तास उभं राहावं लागतं. तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. तू फक्त तिकीट काढ."

तिकीट काढायला ती मला खालच्या कोनबिनीत घेऊन गेली. इथलं हे चोवीस तास उघडं असणारं दुकान म्हणजे आपला वाणी, बँक आणि पोस्ट एकत्र. मशीनवर बटणं दाबली, काउंटरवर पैसे दिले, तिकीट हातात. जपानी वाचता येत नसेल तर मात्र कुणाला तरी बरोबर न्या. मशीन सगळं जपानीतच विचारतं.

आता बँडबद्दल. माझा नवरा सुधीर गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि आम्ही तीन वर्षं नागोयात राहिलो. तिथल्या एका उन्हाळी जत्रेत त्याने हा बँड पहिल्यांदा ऐकला. बँडचं नाव एन्तोत्सु, म्हणजे धुराडं. सुधीरने त्याचं मराठीकरण करून टाकलं आणि आमच्या घरात तो कायमचा धुराडं बँड झाला.

हे लोक स्का वाजवतात. मला ते सुधीरमुळे कळलं आणि पुढचं मी वाचून शिकले. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण लायब्ररीचं कार्ड कधी रिकामं ठेवलं नाही. स्का मूळचा जमैका बेटावरचा, रेगेच्या आधीचा. आपण टाळी देतो ती एक, दोन, तीन, चार अशी आकड्यांवर. स्कामध्ये गिटार त्या आकड्यांच्या मधल्या फटीत वाजते. तेवढ्यानेच पाय आपोआप हलायला लागतात. वरून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. आपल्या लग्नातल्या बँडची वाद्यं, पण घाई वेगळी.

एन्तोत्सु सुरू झाला त्याला चाळीसेक वर्षं होत आली. कारखान्यांत काम करणारी सात पोरं, त्यातल्या एकाच्या आत्याचं सार्वजनिक स्नानगृह. सुट्टीच्या दिवशी ते बंद असे, म्हणून बंबाच्या खोलीत, धुराड्याच्या पायथ्याशी यांची तालीम. भिंती जाड, शेजारी गप्प. पुढे रेकॉर्ड निघाल्या, मोठे दौरे झाले. मग स्काची हवा ओसरली, दोघे नोकरीत परतले, एक गावी भात लावायला गेला. बँड मात्र थांबला नाही. माणसं गेली, नवी आली. आणि काही वर्षांपूर्वी पहिल्या सातांतला ट्रॉम्बोनवाला कोजी वारला. तो सुधीरचा सगळ्यात आवडता. त्यानंतर पूर्ण वर्षभर बँडने कोजीचा माइक स्टेजवर तसाच उभा ठेवला, असं एका जुन्या लेखात मी वाचलं होतं. फोनने केलेल्या भाषांतरात वाचलं, पण एवढं नक्की कळलं.

त्या जागेचं बँडने पुढे काय केलं, तेच मला बघायचं होतं. कारण सांगते. पुण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सुधीर दर रविवारी श्रवण मंडळ चालवायचा. जगभरचं काहीबाही लावायचा आणि आधी दहा मिनिटं बोलायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. नंतर आम्ही दोनदा मंडळ भरवून पाहिलं. गाणी लावायच्या मशीनशेजारची त्याची खुर्ची रिकामी. सगळे तिच्याकडे बघत बसले, गाणं कुणी ऐकलंच नाही. मग बंद पडलं. मी निघायच्या आधी मंडळातल्या जोशी वहिनी घरी आल्या. "तुम्ही बसा त्या खुर्चीत, नाहीतर मंडळ मिटवून टाकू. असं लोंबकळत नको," म्हणाल्या. परत आल्यावर उत्तर देईन असा शब्द मी दिला होता. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं, आणि मंडळ मिटवायचंही नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. केतकीच्या कसाई स्टेशनहून मेट्रोच्या तोझाई लाईनने ओतेमाची, तिथून जमिनीखालूनच चालत टोकियो स्टेशन. शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागोया पावणेदोन तासांच्या आत. तिकीट अकरा हजार येनांच्या आसपास. बस बरीच स्वस्त पडते, पण पाच-सहा तास घेते. जाताना उजव्या खिडकीची जागा मागा, फुजी दिसतो. आम्हाला ढग दिसले. शाकाहारी असाल तर स्टेशनवर आंबट उमेबोशीची ओनिगिरी घ्या, भाताचा त्रिकोणी गोळा. मी पुण्याहून आणलेली लसणीची चटणी लावून खाल्ली. केतकी म्हणाली, "आई, डब्यात वास पसरतोय." पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं आणि हसल्या. मी त्यांना थोडी चटणी देऊ केली तर केतकीने माझा हात खाली दाबला.

नागोया स्टेशनवर मोरीता-सान उभे होते. सुधीरचे कंपनीतले सोबती, आता निवृत्त. जत्रेत आम्हाला बँड ऐकायला यांनीच नेलं होतं. सुधीरने त्यांना दोन मराठी शब्द शिकवले होते, 'चला' आणि 'बास'. आम्हाला पाहून खूप खाली वाकले, आणि वर आल्यावर म्हणाले, "चला."

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. इथे अशा जागेला लाईव्ह हाऊस म्हणतात. दाराशी तिकिटावरच्या नंबरांनी पुकारा होतो आणि तेवढेच लोक पुढे सरकतात, धक्काबुक्की नाही. आत शिरताना पेयाचे सहाशे येन वेगळे द्यावे लागतात, तहान असो नसो. सामान लॉकरमध्ये. बँडप्रमुखाच्या सत्कारासाठी म्हणून मी शाल आणि केतकीच्या घराजवळच्या भारतीय दुकानातून नारळ आणला होता. भेटवस्तूंसाठी दाराशी एक खोकं होतं. शाल त्यात गेली. नारळ तिथल्या मुलीने हातात घेतला, हलवला, आतलं पाणी ऐकलं, आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

"खाण्याचं घेत नाहीत म्हणते," केतकीने सांगितलं.

"हा खाण्याचा नाही, सत्काराचा आहे म्हणावं."

"मी हे जपानीत नाही सांगणार, आई."

नारळ मोरीता-सानांनी कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न केला, मग कार्यक्रमभर बगलेत धरून उभे राहिले.

गुडघेवाल्यांसाठी एक सूचना. मागच्या बाजूला उंच पायरी असते आणि तिला लोखंडी कठडा. तिथे टेकून उभं राहता येतं. मोरीता-सान आमच्या पुढे जाऊन कठडा धरून उभे होते. आजूबाजूला गळ्यात टॉवेल घातलेले पन्नाशी-साठीचे पुरुष, कानांवर आवाज अडवणारी मोठाली बोंडं लावलेली लहान पोरं घेऊन आलेल्या आया, ऑफिसच्या कपड्यातल्या मुली. दिवे गेले आणि सगळी वाद्यं एकदम अंगावर आल्यासारखा तो आवाज आला.

मला वाटलं होतं रडू येईल, पण आधी हसूच आलं. शेजारचे टॉवेलवाले आजोबा जागच्या जागी पळत होते. केतकीही पळायला लागली. मी कठडा सोडला नाही, पण टाचा उचलल्या.

स्टेजवर वाजवणाऱ्यांच्या रांगेत, ट्रम्पेट आणि कीबोर्डच्या मध्ये, एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. मला ती लगेच दिसली. माइक काढला असला तरी जागा ठेवलीय, मी मनात म्हटलं. मध्ये एक संथ चाल लागली, सुधीर रविवारी शेवटी लावायचा तीच. त्या मोकळ्या जागेवर निळा उजेड पडला होता. मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे वाहायला लागले, पुसले नाहीत. एवढ्या आवाजात आणि अंधारात कोण बघतंय. शेवटी मी हात जोडले.

आठच्या आत सगळं आटोपलं. हॉटेलवर जाताना मी केतकीला म्हटलं, "मिटलं. खुर्ची रिकामीच ठेवायची. मंडळ तसंच चालवायचं."

"पण त्यानेच तर बंद पडलं होतं ना?" ती म्हणाली.



रविवारी सकाळी मोरीता-सान आम्हाला कॉफीला घेऊन गेले. नागोयात सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट मिळतं. कॉफीचे साधारण पाचशे येन, नाश्ता झाला. थोडे जास्त देऊन टोस्टवर लोणी आणि गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचा लगदा घ्या. पावाला पुरण लावल्यासारखं लागतं. नाक मुरडू नका, खाऊन बघा.

मोरीता-सानांनी जरा चाचरत विचारलं. केतकी मराठीत सांगत होती तसं मी इथे लिहिते.

"काल तुम्ही नमस्कार कुणाला केलात?"

"कोजी-सानना. त्यांच्या मोकळ्या जागेला."

त्यांनी कप खाली ठेवला. "ती जागा पंख्याची आहे. ड्रमवाल्याला फार उकडतं. तिथे खाली मोठा पंखा असतो, त्याचा वारा अडू नये म्हणून कुणी उभं राहत नाही."

केतकीने भाषांतर अर्धं केलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. मोरीता-सान आधी ओशाळले, मग तेही हसले. मग मीही. पंख्याला हात जोडले होते मी.

"मग कोजींची जागा कुठेय?" मी विचारलं.

त्यांनी साखरेच्या पुड्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिलं वर्ष माइक उभा होता, म्हणाले. लोक समोर फुलं ठेवायला लागले. नाचाच्या चाली चालू असताना माणसं माइककडे बघून रडायची, पोरं नाचायची थांबली. मग शेजारच्या गिफू गावची एक बाई ट्रॉम्बोन वाजवायला आली. ती म्हणाली, मी त्या माइकसमोर उभी राहणार नाही, माझी ती लायकी नाही. बँडप्रमुखाने सगळ्यांना एकेक जागा सरकायला सांगितलं. मोरीता-सानांनी मधली एक पुडी उचलून खिशात टाकली, उरलेल्या एकेक करून सरकवल्या आणि शेवटच्या टोकाला नवी पुडी ठेवली.

"नवा माणूस शेवटी, दाराजवळ. ऑफिसातही आमच्याकडे तसंच. सुधीर-सानही आले तेव्हा दाराजवळच बसत."

"आणि कोजींचा भाग? तो ती वाजवते?"

"नाही. तो बाकीच्यांनी थोडा थोडा वाटून घेतला. तिने स्वतःचा नवा आणला."

"मग त्यांच्या जागेवर आता उभं कोण असतं?"

"ट्रम्पेटवाला. सारखा कुरकुरतो. इथे दिवे डोळ्यांत जातात म्हणतो. कोजीने तीसेक वर्षांत एकदाही सांगितलं नाही म्हणे."

मी पुड्यांकडे बघत बसले. कॉफी गार झाली तर वाढणाऱ्या मुलीने न विचारता नवी आणून दिली. तिचे पैसे लावले नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

दुपारी ते स्नानगृह पाहायला गेलो. अजून चालू आहे. साधारण पाचशे येन, टॉवेल आपला न्यावा.

"आई, सगळे कपडे काढायचे असतात, माहितीय ना?" केतकीने दबक्या आवाजात विचारलं.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मला आंघोळ करता येते."

आधी स्टुलावर बसून स्वच्छ धुऊन घ्यायचं, मगच कुंडात उतरायचं. पाणी चांगलंच कढत. शेजारी तीन आज्या भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होत्या, एवढं मला अजून कळतं. भिंतीवर फुजीचं मोठं चित्र होतं, म्हणजे डोंगर शेवटी दिसला. भिंतीपलीकडे बंब घरघरत होता. गुडघे दोन दिवसांनी पहिल्यांदा दुखायचे थांबले. मी बराच वेळ बसून राहिले, काही विचार न करता. बाहेर आले तर मोरीता-सान धुराड्याखाली नारळ घेऊन उभे होते. तो कसा फोडायचा ते त्यांना विचारायचं होतं. स्नानगृहाच्या मागच्या पायरीवर मी फोडून दाखवला. सगळ्यांना एकेक तुकडा मिळाला, गल्ल्यावरच्या बाईंनाही.

"बास," मोरीता-सान म्हणाले, आणि उरलेला घरी घेऊन गेले.

पुण्यात परत येऊन आता तीन आठवडे झाले. जपान स्वस्त नाही, आणि या वयात एकटीने जायला सोपंही नाही. केतकी नसती तर मी तिकिटाच्या मशीनशीच भांडत बसले असते. पण ज्याचं आवडतं माणूस गेलंय आणि त्याने मागे काही काम ठेवलंय, त्याने जुना बँड ऐकायला जरूर जावं. जपानचाच हवा असं नाही.

गेल्या रविवारी मंडळ भरलं. सुधीरच्या खुर्चीत मी बसले नाही. जोशी वहिनींना तिथे बसवलं आणि मशीन त्यांच्या ताब्यात दिलं. बाकी सगळे एकेक खुर्ची सरकले. काय लावायचं ते कुलकर्णींनी निवडलं. बोलायची दहा मिनिटं मी घेतली, धुराडं बँडवर, कागद न बघता. दाराजवळची शेवटची खुर्ची मोकळी झाली, तिथे बी विंगमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या बाई येऊन बसल्या.

पहिली चाल संपायच्या आधीच जोशी वहिनी मान चोळत मागे वळल्या. "अहो, या खुर्चीत एसी सरळ मानेवर येतो. भावोजी इतकी वर्षं इथे बसायचे कसे?"

"मफलर गुंडाळून," मी म्हटलं. "आणि घरी येऊन मला पाठ शेकायला लावून."

त्यांनी पदर मानेभोवती घेतला आणि आवाज वाढवला.