पढवलेलं उत्तर

आमच्या कालिंदीताई घटस्फोटाचे नि पोरांच्या ताब्याचे खटले चालवतात, पण पुंडलिकनगरच्या ऑफिसात नवा पक्षकार आला की पहिल्या दिवशी कागदाला हातच लावत नाहीत. चहा पाजतात आणि विचारतात, "लेकराला घरी काय सांगून ठेवलंय?" बारा वर्षं मी त्यांच्याकडं टायपिंग करते. या एका प्रश्नापायी किती पक्षकार उठून गेले, मला विचारा! मी लई चिडायचे.

त्यांच्याविषयी मला एवढंच माहीत होतं, की त्या नऊ वर्षांच्या असताना आईवडील कोर्टात गेले, कुणाकडं राहायचं ते तिथं ताईंनाच विचारलं, आणि त्या आईकडं वाढल्या. वडिलांचा विषय त्या काढत नसत.

परवा पाचोडच्या मेघाची तारीख होती. नवरा सोमनाथ सात वर्षांच्या श्रेयाचा ताबा मागत होता. जज मॅडम पोरीशी एकटीशीच बोलणार होत्या. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलेलो, सोमनाथ पार पलीकडच्या टोकाला. "पोर गेली तर मी जगायची नाय, ताई," मेघाचं सारखं तेच.

तेवढ्यात श्रेया पुटपुटायला लागली. "पप्पा दारू पितात. पप्पा मला पट्ट्यानं मारतात. मला पप्पांची भीती वाटते." थांबली, की परत पहिल्यापासून. पाढे म्हणावेत तसं.

ताईंनी मेघाकडं पाहिलं. "खरंय हे?"

मेघानं मान खाली घातली. "नाय. हात नाय लावला त्यानं कधी पोरीला. पण मी काय करू? त्याचा वकील लई मोठाय!"

"हे तिनं आत सांगितलं तर मी तुझं वकीलपत्र सोडते."

पुकारा कधीही होईल, आणि ही बाई पक्षकाराला वाऱ्यावर सोडायला निघाली! "अहो ताई, आता राहू द्या की," मी म्हटलं. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. श्रेयासमोर खाली बसल्या.

"मलापण लहानपणी असंच आत बोलावलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"आईनं पढवलेलं. माझे बाबा मारायचे नाहीत. मी म्हणाले, मारतात. बाहेर आले तर ते समोर उभे, हातात माझी पाण्याची बाटली. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. नंतर ते कधी भेटले नाहीत."

बारा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. मेघानं पोरीला जवळ ओढलं. रडत रडत म्हणाली, "विसर ते समदं. खरं असंल तेच सांग, माझी बाय."

पुकारा झाला. श्रेया आत गेली. वीस मिनिटं! मी नवस बोलले, खोटं कशाला सांगू.

दार उघडलं आणि श्रेया पळत सुटली ती थेट सोमनाथकडं. मेघाचा चेहरा पांढराफटक. पोरीनं बापाच्या गळ्याला मिठी मारली नि मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, मी मम्मीजवळ राहणारय. पण दर रविवारी तुम्ही यायचं. मी मॅडमला सांगितलंय!"

सोमनाथनं नुसती मान हलवली.

ताईंनी माझा हात घट्ट धरला. "सुलेखा, मला असं पळत जाता आलं नव्हतं गं."