खानाचा बंब

काबूलची वस्तू आणायला म्हणून मी पुणे स्टेशनवर गाडीत बसलो आणि दौंडला उतरलो. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला परवडणारं काबूल तेवढंच लांब होतं.

ग्रंथालयात अफगाणिस्तानचा इतिहास आणि संस्कृती यांवरचा एक खास संग्रह आहे आणि तो माझ्याकडे सोपवलेला आहे. पुस्तकं, नकाशे, जुनी छायाचित्रं यांनी कपाटं गच्च भरली, पण मधलं काचेचं कपाट रिकामंच राहिलं. पुढल्या महिन्यात काबूलचे एक प्राध्यापक संग्रह पाहायला येणार होते. त्याआधी त्या काचेत एखादी अस्सल अफगाण वस्तू दिसली पाहिजे, असं ग्रंथपालसाहेबांनी बजावलं होतं. "रिकाम्या हातानं येऊ नका," म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मलाच ते कपाट जास्त डाचत होतं.

केडगावला पॅसेंजर नेहमीसारखी रेंगाळली, तेवढ्यात मी उतरून गूळ घेतला. कशाला घेतला ते मलाही ठाऊक नव्हतं, पण केडगावहून गुळाशिवाय पुढं जाणं बरं दिसत नाही.

दौंडला रेल्वे लाइनीपलीकडे खानमामा राहतात. इंजिन ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांचे आजोबा काबुलाकडून हिंग विकत इकडे आले, एवढीच माहिती घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. मामांनी काही विचारायच्या आधी मला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि भीमेतल्या माशांचं कालवण. नाकातून पाणी येईपर्यंत जेवलो.

"घरात काबूलचं काही राहिलंय का?" मी हात धुता धुता विचारलं.

मामा हसले. "आजा तिकडचा व्हता, त्ये खरं हाय. पर मी मनमाडच्या म्होरं गेलो न्हाई. आमची गाडीच तितपत जायची." मग जरा आठवून म्हणाले, "शिरूरला जावा. आज्याच्या एका सोबत्याचा बंब हाय तिथं, ख्रिस्ती लोकांत. उद्या त्यांचा हंगामाचा सण, भाईर निघंलच."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरची एसटी धरली. शेजारी मांडीवर कोंबडी घेतलेली एक म्हातारी बाई होती. न्हावऱ्याच्या अलीकडे कोंबडीनं माझ्या पिशवीतल्या गुळावर चोच मारली. मी तिला हुसकावलं, तशी बाई म्हणाल्या, "तिला काय बोलू नगा. देवाची हाय ती, चर्चात द्यायचीय." मी मुकाट्यानं पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. या सोनाबाई. दौंडला लेकीकडे आल्या होत्या, सणासाठी परत निघाल्या होत्या. मी बंब पाहायला चाललोय म्हटल्यावर त्यांची कळी खुलली.

"माझी आय मिशनच्या दवाखान्यात व्हती. त्यो बंबवाला खान लई आजारी पडला, तवा तिनं त्याला जगवलं. बरा झाला आन् जाताना बंब देऊन गेला."

मला तो काचेत दिसूही लागला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हा पहिला बरा हंगाम. चर्चच्या दाराला ऊस बांधले होते, आत बाजरीची कणसं, भोपळे, अंडी यांची रास होती. जो तो मला ख्रिस्ती रीतीप्रमाणे "सलाम" म्हणत होता. उपासना झाल्यावर वस्तूंचा लिलाव सुरू झाला. तो पुकारणारे आप्पा म्हणजे जुने शाळामास्तर. एकानं भोपळा घेतला आणि परत चर्चला देऊन टाकला, आप्पांनी तो पुन्हा विकला. सोनाबाईंच्या कोंबडीचंही तसंच झालं.

मग बंब आला. समोवार (मधल्या नळीत निखारे घालून पाणी उकळायचं तोटीचं पितळी भांडं) म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचं धाकटं भावंड. पोटावर काबुली नक्षी. मी बोली लावली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणी पुढं बोललंच नाही. बंब माझा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आनंदानं तो उचलला.

"म्हंजी पुढल्या सणाला चहा तुमचा," आप्पा म्हणाले.

"कसला चहा?"

तेव्हा कळलं. बंब विकत मिळत नाही, वर्षाची पाळी मिळते. बोली जिंकेल त्यानं तो वर्षभर सांभाळायचा आणि पुढच्या सणाला आणून सगळ्यांना चहा पाजायचा. माझा चेहरा पडला. पुस्तकं आम्ही बाहेर देतो, पण संग्रहातली वस्तू एकदा काचेत गेली की बाहेर येत नाही, हा आमचा नियम.

"न्या खुशाल," आप्पा म्हणाले. "सणाला तेवढी आठवण ठेवा."

ना सही, ना साक्षीदार. गुपचूप पुण्याची एसटी धरली असती तर माझ्यामागे कुणी आलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात बायकांनी बंब माझ्याकडून घेऊन पेटवला आणि आजचा चहा तयार झाला. सोनाबाईंनी त्यात माझाच गूळ घातला होता. पहिला कप त्यांनी माझ्यापुढं धरला. "ह्यो खानाचा. माझ्या आयला बोलला व्हता, भांडं वापरा, पुढल्या थंडीला यातलाच चहा प्यायला येतो. आला न्हाई. म्हनून पयला कप नव्या पाव्हण्याला."

तो कप प्यायल्यावर माझ्याच्यानं गप्प बसवेना. "बाई, मी हा काचेत ठेवणार होतो," मी म्हणालो. "तिथून तो परत आला नसता."

"काचंत?" सोनाबाईंनी बंबाकडे पाहिलं. "मंग खान आला तर?"

बंब मी त्यांच्याच घरी ठेवला आणि सणाला चहा करायला येईन असं कबूल केलं.

पुण्याला रिकाम्या हातानं गेलो. साहेब काय बोलले ते लिहीत नाही. पुस्तक वाचकाकडे गेलं की त्याच्या जागी आम्ही चिठ्ठी ठेवतो, तशीच एक मी रिकाम्या काचेत ठेवली: 'समोवार, काबूल. बाहेर दिला आहे.'

प्राध्यापक आले, कपाटांवरून भरभर पुढं सरकले आणि चिठ्ठीपाशी थांबले. मी ती वाचून तिचा अर्थ सांगितला, तेव्हा कुणाला दिलाय, म्हणून त्यांनी विचारलं. मी हिंदीतून सगळं सांगितलं. खानाच्या कपाचंही सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "शिरूर कितना दूर है?"

साहेबांनी स्वतः गाडी काढायला सांगितली. कोरेगाव भीमा मागे पडलं. मला एकच धास्ती होती, सोनाबाई लेकीकडे गेल्या नसतील ना. त्या घरीच होत्या. पाहुणे कुठले ते मी सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सण नसताना बंब पेटवला.