सगळ्यात ढिली खाच
रॉकेलचा वास आला की मला भोकरदनचं आमचं अंगण आठवतं. नव्वदच्या सुमाराला दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, आपली लाडकी, सुसाट पळणारी मोटारसायकल मला देऊन टाकली होती. दाजी अंगानं भरभक्कम, मी नुसता काटकुळा. धावड्याच्या शाळेत शिकवायला जाताना गाडी प्रत्येक खड्ड्यात मला सीटवरून उडवायची. एकदा तिनं मला पाडलंच, आणि आईनं गाडी विकायचा हट्ट धरला. ते कळताच दाजी एसटीनं आले. मागच्या शॉकपवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांवर, रॉकेल ओतून त्यांनी गंज सोडवला. "गाडीचा दोष न्हाई. स्प्रिंग माझ्या वजनाला कसलेली हाय, मंग तुला उडवणारच. डबा-पिशवी घेऊन बस, रिकामा कुठं जातूस तू?" मी बसलो की स्प्रिंग किती दबते ते बोटांनी मापायचे, उतरलो की पाना फिरवून स्प्रिंग एकेक खाच ढिली करायचे. शेवटी दोन्ही बाजू सगळ्यात ढिल्या खाचेवर आणून म्हणाले, "आता बराबर. आता ही तुझी." दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. माझंही अंग आता त्यांच्यासारखंच सुटलंय, खड्ड्यात गाडी पार खाली बसते. मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंग कसून देतो. मी त्याला त्या खाचेला हात लावू देत नाही.