डाव्या बाजूची पाचर

सोमवार, आठ डिसेंबर. पेण, सकाळी साडेसातची बॅच. हजर: शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, खालच्या मेडिकलवाल्यांची सून, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारी चित्रकार आणि मी. गैरहजर कोणी नाही. चित्रकार वीस मिनिटं उशिरा आली, तेही वहीत आहे.

मी राहते रोह्याला. नेमकं सांगायचं तर पूल ओलांडून अष्टमीत. सोमवारी आणि गुरुवारी पेणला शिकवते, मंगळवारी आणि शुक्रवारी रोह्याला. त्याआधी अठरा वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. तिथली एक सवय सुटली नाही: जे लिहिलं नाही ते झालं नाही. पिलाटेस, म्हणजे श्वासाबरोबर करायचे चटईवरचे ताकदीचे व्यायाम, शिकले चाळिशीनंतर. पाठीचा कणा बाजूला वाकलेली, म्हणजे स्कोलिओसिस असलेली माणसं मी मुद्दाम घेते. डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय सुरुवात करत नाही, आणि कणा सरळ करून देईन असं कुणालाही सांगत नाही. वाक राहणार, पण वाकासकट ताकद येणार, एवढं पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

वहीत प्रत्येकाच्या नावाचं एक पान, पानावर दोन रकाने, डावा आणि उजवा. वाकलेल्या कण्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, मग व्यायाम तरी सारखा कसा असेल? पहिल्या दिवशी मी मणक्यांच्या उंचवट्यांवर टिकल्या चिकटवते आणि पाठीचा फोटो काढून दाखवते. आपली पाठ कुणी पाहिलेली नसते. चित्रकाराने फोटो पाहिला आणि ती म्हणाली, "अगो बया, ही तं आमच्या खाडीची वाट!"

ती धरमतरकडच्या गावातली. वय अडतीस. डावा खांदा खाली, डाव्या कमरेला घडी पडलेली, उजव्या बरगड्या बाहेर. लहानपणापासून असंच. शाळेत पोरं चिडवायची, लग्नानंतर सासू पदर नीट घे म्हणायची, बाकी कुणी फार विचारलं नाही. हात मात्र असा की पेणमधल्या चांगल्या आखणी करणाऱ्यांत तिचं नाव निघतं. मूर्ती ओळीनं उभ्या असतात, अंगाचा रंग झालेला, आणि डोळे कोरे. ती पुढे बसते, श्वास धरते आणि बुबुळ काढते. श्वास धरायची ही सवय मोडायला मला तीन महिने लागले.

चार महिन्यांत तिने चांगली मजल मारली होती. उजव्या कुशीवर झोपायचं, बाहेर आलेल्या बाजूखाली टॉवेलची घडी, आणि श्वास डाव्या दबलेल्या कमरेत भरायचा. हे तिला बाकी सगळ्यांपेक्षा आधी जमलं. म्हणून त्या सोमवारी ती भिंतीला हात लावत जिना चढून आली तेव्हा मला रागच आला.

"काय केलंस?"

"काय नाय केलं, ताई. डावी मांडी बधिर पडतेय. बसले की अर्ध्या तासात मुंग्या."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस."

"आणि सांगतेस आज?"

निवृत्त बाईंनी चटईवरूनच सुनावलं, "अगं, शाळेत असतीस तर तुला अंगठे धरून उभं केलं असतं."

"धरता आले असते तं हिकडं कशाला आले असते, बाई?" चित्रकार म्हणाली. सगळ्या हसल्या, तीही हसली आणि मग एकदम रडायला लागली. कारखानदाराने शनिवारी सांगितलं होतं: माघी गणपतीच्या मूर्ती आता आखणीला लागतील, तू मध्येच उठत राहिलीस तर काम अडतं, पुढच्या सोमवारपासून पॅकिंगला बस. पॅकिंग म्हणजे मूर्तीभोवती पेंढा भरायचा आणि दोरी बांधायची. "वीस वर्षं डोळे काढतेय मी," ती म्हणाली. "पेंढा भरायला नाय शिकले."

आधी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. त्याशिवाय मी पुढे हात लावत नाही. त्यांनी तपासून लिहून दिलं: ताकद ठीक, घाबरण्यासारखं काही नाही, बसण्याची पद्धत बघा. शेवटचे तीन शब्द वाचून मला लाज वाटली. कारखाना माझ्या हॉलपासून दहा मिनिटांवर. चार महिन्यांत मी एकदाही गेले नव्हते. आठवड्यातले दोन तास ती माझ्यासमोर असते, बाकी दिवसभर तिथे बसलेली असते. साधा हिशोब, आणि तोच माझ्या वहीत नव्हता.

गुरुवारी बॅच संपल्यावर तिच्याबरोबर गेले. कारखानदार एका मूर्तीचा मुकुट लावत होते.

"शेठ, हिला रोज बसते तशी बसू द्या. मला बघायचंय."

"बघा की. पण मॅडम, माझं माघीचं काम हाय, लक्षात असू द्या."

ती तिच्या पाटावर बसली. बसण्याआधी तिने पाटावरची एक वस्तू सरळ केली, तेही इतक्या सहज की मी नसते तर कुणाला दिसलीही नसती. जुन्या साडीत गुंडाळलेली लाकडाची पाचर. ती डाव्या बाजूखाली घेतली आणि ब्रश उचलला.

"हे काय?"

"पाचर," ती म्हणाली, जणू मला पाचर माहीत नाही. मग जरा ऐटीत, "मीच काढली युक्ती. तुम्ही टॉवेल लावता ना खालून, त्यावरून सुचलं. मूर्ती डावीकडं कलली तं आम्ही काय करतो? डावीकडं पाचर मारतो. मी बी डावीकडं कललेय, नाय?"

"किती दिवस झाले?"

ती बोटं मोजायला लागली आणि मध्येच थांबली. मुंग्या यायला लागल्या त्याच्या आधीचा आठवडा.

मी टिकल्यांचं पाकीट काढलं. कारखानदारांना बाहेर जायला सांगितलं. ते पुटपुटत गेले. पाचरीसकट एक फोटो, पाचर काढून एक फोटो. दोन्ही शेजारी शेजारी तिच्या हातात दिले. पाचर असताना टिकल्यांची ओळ जास्त वळलेली, आणि डाव्या कमरेची घडी इतकी खोल की तिच्या ओढीने मणक्यावरची एक टिकली तिरपी उभी राहिलेली.

ती बराच वेळ बघत होती. डोळ्यांचं काम करणारी बाई, तिला रेषा समजावून सांगावी लागत नाही.

"मूर्ती एकसंध असते," मी म्हटलं. "खालून उचललीस की सगळी उचलली जाते. तुझं तसं नाही. खालून डावी बाजू उचललीस की डोकं सरळ ठेवायला वरचं अंग पुन्हा डावीकडेच मोडतं."

"म्हणजे मीच मला मोडत होते."

"दाबत होतीस. मोडायला तू प्लास्टरची नाहीस."

मग कामाला लागलो. पाट काढून तिला स्टूल दिलं, तेही पाय जमिनीवर टेकतील एवढंच उंच. दोन्ही बाजूंनी सारखं बसायचं, खाली काही नाही. मूर्ती फिरत्या पाटावर, आणि तो पाट टेबलावर, म्हणजे डोळे तिच्या डोळ्यांसमोर येतील. आतापर्यंत मूर्ती जागेवर असायची आणि ती डावीकडे झुकून बघायची. आता मूर्ती फिरवायची, स्वतः नाही. दर चार मूर्तींनंतर उभं राहून भिंतीला पाठ लावायची आणि डाव्या कमरेत सहा श्वास.

कारखानदार आत आले. "डोळा बसला पायजे, मॅडम. खुर्ची कशी बी असू दे."

"सोमवारपर्यंत बघा," मी म्हटलं. "नाही जमलं तर मी स्वतः येऊन पेंढा भरते."

पुढच्या सोमवारी ती वेळेवर आली. मुंग्या होत्या, पण दोन तासांनी. गुरुवारपर्यंत त्याही फक्त संध्याकाळी. दीड फुटापर्यंतच्या सगळ्या मूर्ती तिच्याकडेच राहिल्या. पॅकिंगचा विषय कारखानदारांनी पुन्हा काढला नाही, आणि तिनेही त्यांना आठवण करून दिली नाही. पाचर तिने मला दिली नाही. कामाची वस्तू आहे, कुठल्यातरी मूर्तीखाली जाईल, म्हणाली.

उरल्या मंडळांच्या मोठ्या मूर्ती. त्या फिरत नाहीत, त्यांच्यापुढे उभं राहूनच डोळे काढावे लागतात, आणि आतापर्यंत ती एका पायाखाली वीट घेऊन उभी राहायची. तिथे उभं राहायला लाकडी फळ्यांची बुटकी माची हवी, दोन्ही पाय सपाट राहतील अशी, उंची कमी-जास्त करता येणारी. त्या मूर्ती तिच्या की दुसऱ्या कुणाच्या, ते कारखानदार माची बघून ठरवणार आहेत. सुताराने लांबी-रुंदी घेतली. उंची घ्यायला ती स्वतः मूर्तीपुढे उभी असायला हवी, ब्रश हातात धरून, आणि मागून तिची पाठ बघायला मी. सुतार बुधवारी मोकळा असतो. बुधवारी मी रोह्यात नव्या लोकांचे डॉक्टरांचे कागद बघते. वहीतल्या आजच्या कामांच्या यादीत बाकी सगळ्या ओळींवर काट मारून झाली आहे. आम्ही तिघं एका दिवशी जमेपर्यंत "माचीची उंची" तेवढी तशीच आहे.