डावीकडचं दार

ग्रीसचा वास आला की सातपूरचं ते गॅरेज आठवतं. बटण दाबलं की गाडीची तीन दारं लॉक व्हायची, माझ्या शेजारच्या सीटचं नुसतंच खडखडायचं. मिस्त्रीने दाराचं पॅड काढलं, वायरी तपासल्या, मोटर फिरवून पाहिली. म्हणाला, "मोटर ठणठणीत आहे, साहेब. मागे तुम्ही सामान ठेवता, म्हणून ती दारं चालतात. हे कुणी उघडतच नाही, म्हणून जाम झालंय. वहिनी बसत नाहीत का?" "माहेरी गेल्यात," मी म्हणालो. त्याला दोन वर्षं झाली, हे सांगितलं नाही. त्याने लॉकला ग्रीस लावलं आणि बजावलं, "रोज एकदा उघडत जा." आता गाडी दुसरी आहे. तरी रोज सकाळी ते दार उघडतो, कुणी बसेल इतका वेळ धरून ठेवतो, मग लावतो.