अण्णा नाक्यावर राहिले

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका छापून पोट भरलं, तेव्हा स्वतःची एक सांगायला हरकत नाही. फक्त मी सांगत असताना हसू नका. वहिनी हसल्या तेवढं पुरे झालं.

माझे थोरले भाऊ अण्णा गेले. जन्म सगळा बंगळूरजवळच्या येलहंक्यात काढला, पण शेवटची इच्छा काय, तर अस्थी रामेश्वरला सोडायच्या आणि नेताना हायवेनं नाही, सत्यमंगलमच्या जंगलातून न्यायचं. आयुष्यभर त्यांच्याशी भांडलो होतो, म्हटलं हे एवढं तरी मुकाट ऐकावं. निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रामेश्वरचे गुरुजी सांगितले होते. गाडीत वहिनी शेजारी बसल्या, मांडीवर लाल फडक्यात बांधलेला अस्थींचा तांब्या.

जंगलाच्या तोंडाशी वनखात्याचा नाका लागला. वहिनींना जरा पाय मोकळे करायचे होते. तांब्या माझ्याकडे देत म्हणाल्या, "भावजी, खाली नका ठेवू, झाडाला अडकवा."

अस्थी जमिनीवर टेकवायच्या नसतात, म्हणून नाक्याशेजारच्या फांदीला अडकवल्या. तेवढ्यात तिथला गार्ड, मादप्पा, डिकी उघडा म्हणाला. जंगलात प्लास्टिकच्या बाटल्या नेता येत नाहीत. माझ्याकडे चार होत्या.

आता हा नियम चांगलाच आहे. पण मला कोणी नियम सांगितला की माझ्यातला बातमीदार उठून बसतो. लेखी आदेश कुठंय? वरिष्ठ कोण? झाडाकडे हात करून म्हटलं, तो माझा सख्खा भाऊ आहे, त्यालाही तपासणार का? मादप्पा एवढंच म्हणाला, "स्वल्प हळू बोला सर, हत्ती असतात." शेवटी मी त्याचा फोन नंबर घेतला, तक्रारवही मागवली आणि लिहिलं: येथील कर्मचारी निष्काळजी आहेत. खाली झोकात सही.

गाडीत बसताना वहिनींनी विचारलं, "अण्णांना घेतलं ना?"

माझ्या डोक्यात बातमीचा मथळा जुळत होता. म्हटलं, "घेतलं हो, मागं ठेवलंय."

मग घाट, वळणं, दाट झाडी. काय बघितलं म्हणाल, तर काही नाही, मी मनात भांडत होतो. रात्री मदुरैला मुक्काम. अस्थी खोलीत नेत नाहीत, गाडीतच असू देत, म्हणाल्या वहिनी. मीही मान डोलावली.

सकाळी पांबनचा पूल आला. दोन्ही बाजूंना सामुद्रधुनीचं निळं पाणी. वहिनी हात जोडून म्हणाल्या, "भावजी, जरा काढा त्यांना. समुद्र बघू देत."

पूल संपल्यावर गाडी कडेला घेतली. डिकीत चार बाटल्यांची रिकामी जागा होती. बाकी काही नव्हतं.

मादप्पाचा नंबर माझ्या वहीत होता, खाली दोन रेघा मारलेला. तक्रारीसाठी. लावला. तो शांतपणे म्हणाला, "काल तुम्ही दोघं भाऊ आलात ना सर? त्यातले शांत होते ते इथंच आहेत. माकडं येतात, म्हणून मी खुर्ची झाडाखाली घेतलीय."

मला वहिनींकडे बघवेना. त्या रडतील असं वाटलं होतं. पण महिन्यात पहिल्यांदा त्या हसल्या. "जंगल बघायचं होतं ना त्यांना," म्हणाल्या. "पोटभर बघू दे. चला, वळवा गाडी."

गुरुजींना दोन दिवस पुढं ढकललं आणि सगळी वाट उलटी कापली. फांदीवरचं फडकं जसंच्या तसं होतं, कोणीतरी त्यात जास्वंदीचं फूल खोचलेलं. मादप्पानं पोच म्हणून तीच तक्रारवही पुढं केली.

त्याच पानावर, निष्काळजी कर्मचाऱ्यांच्या बरोबर खाली, मी माझ्याच अक्षरात लिहिलं: भाऊ विसरून गेलो होतो, सुखरूप मिळाला.

ही सही मात्र बारीक केली.