केशरबाईंचा नेम

यात्रेत कुस्त्यांचा फड रंगला की हनुमंतरावांना बायकोचा विसर पडायचा, हे केशरबाईंना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. त्या वर्षीही ते "आलोच" म्हणून गर्दीत घुसले आणि केशरबाई बांगड्यांची पिशवी घेऊन ताटकळत राहिल्या. साठी ओलांडलेली बाई, गुडघे भरून आलेले. काष्टी गावातल्या त्या सगळ्या गर्दीत बसायला एकच रिकामं स्टूल दिसलं, तेही फुगे फोडायच्या दुकानासमोर. त्या जाऊन टेकल्या.

"आजी, स्टूल गिऱ्हाइकाला हाय," फुगेवाला बिभीषण म्हणाला.

"मग दे बंदूक. झाले मी गिऱ्हाईक."

जन्मात कधी बंदूक धरली नव्हती. पण लिंबाच्या बागेत काटे खात आयुष्य काढलेल्या बाईला फळीवरच्या फुग्यांची कसली भीती? त्यांनी पदर खोचला, दस्ता खांद्याला टेकवला आणि चाप ओढला. फुगा जागच्या जागी. दुसरा छर्रा गेला, तिसरा गेला, चौथाही गेला. फुगे आपले मजेत डुलत होते. मागं बघ्यांचं कडं झालं आणि खुसखुस सुरू झाली.

"तुज्या बंदुकीची नळी वाकडी हाय," केशरबाई म्हणाल्या.

"नळी सरळच हाय आजी, नेम वाकडा हाय!"

यावर जो हशा पिकला, तो केशरबाई थेट घरापर्यंत घेऊन आल्या. पुढं कितीतरी दिवस भाकरी थापताना त्यांचा हात जरा जास्तच जोरात पडत होता. शेवटी त्यांनी मुलाला, हर्षलला, हाक मारली.

"मला छर्ऱ्याची बंदूक घिऊन दे."

"आई, त्यापेक्षा चांगला मोबाईल घे की."

"मोबाईलनं फुगा फुटतो का?"

हर्षल आईला घेऊन नगरला गेला. दुकानात गेल्या गेल्या केशरबाईंनी सांगितलं, "सगळ्यात स्वस्त दाखवा. पर नळी सरळ पायजे."

दुकानदार कपाट उघडता उघडता म्हणाला, "वानरं हाकलायला का, मावशी?"

"न्हाई. फुगेवाल्यासाठी."

दुकानदाराचा हात तिथंच थांबला. हर्षलनं घाईघाईनं आधारकार्ड पुढं केलं, यात्रेतली सगळी हकिगत सांगितली, तेव्हा कुठं बंदूक कपाटाबाहेर आली.

घरामागच्या परसात हर्षलनं मातीनं भरलेली पोती भिंतीसारखी रचली. पुढं तार बांधून तिला सुतळीनं लिंबं टांगली, बाजारात कुणी न घेणारी, डागाळलेली. सगळं बेस जमलं होतं. अडचण एवढीच, की घरचा संडास त्याच कोपऱ्यात होता, पोत्यांपासून चार हातांवर.

पहिल्याच संध्याकाळी केशरबाईंनी चाप ओढला आणि छर्रा टण्णकन् संडासाच्या पत्र्याच्या दारावर बसला.

"अगं ए! मी आत हाय!" हनुमंतराव ओरडले.

"मग भाईर या की!"

"आधी बंदूक खाली ठिव!"

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. संडासला जाणाऱ्यानं छर्ऱ्यांची डबी बरोबर न्यायची आणि बाहेर आल्यावरच परत द्यायची. हनुमंतराव एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात डबी घेऊन निघाले, की शेजारचा आसाराम कुंपणावरून विचारायचा, "काय पाटील, शिकारीला का?"

लिंबं मात्र काही केल्या फुटेनात. सून मोनिका ओट्यावर भाजी निवडत बसायची. तिनं दोन-चार दिवस बघितलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, चाप वढताना तुमी डोळं मिटताय."

"मी?"

"दोन्ही."

केशरबाईंनी तेव्हा काही कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी डोळे ताणून उघडे ठेवले, सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरला आणि चाप अलगद ओढला. लिंबू फटकन् फुटलं. रसाचा फवारा उडाला, परसभर वास सुटला. केशरबाई लहान पोरीसारख्या हसल्या आणि लगेच दुसरा छर्रा घालायला बसल्या.

मग त्यांना नादच लागला. चार वाजले की चहा, चहा झाला की बंदूक. फुगेवाल्याचा राग कधीच मागं पडला. आता नुसती गोडी उरली होती. वाऱ्यानं हलणारं लिंबू, धरलेला श्वास, आणि तेवढ्यापुरतं गुडघ्यांचं दुखणंही आठवायचं नाही.

वर्ष फिरलं, पुन्हा यात्रा आली. बिभीषणानं त्यांना लांबूनच ओळखलं.

"या आजी, यंदा स्टूल फुकट!"

केशरबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच बंदूक घेतली, मधल्या लाल फुग्यावर नेम धरला. छर्रा फुग्याच्या उजवीकडं वीतभर अंतरावर फळीत घुसला. दुसराही तिथंच. तिसराही तिथंच. लोक हसायला लागले आणि केशरबाईंचा चेहरा उजळला.

"बघ आता! तिन्ही एका जागी. सांग, नेम वाकडा हाय का नळी?"

लोक हसायचे थांबले. माना फळीकडं वळल्या. बिभीषण पुढं वाकून अगदी हळू म्हणाला, "वाकडीच हाय, आजी. सरळ ठिवली तर ही पोरं सांजंपर्यंत माजं दुकान रिकामं करतील. जरा दमानं घ्या."

त्याच्या मागं त्याची बायको गाल फुगवून फुगे भरत बसली होती, तिचे डोळे लाल झाले होते.

"काय म्हणतोय गं त्यो?" हनुमंतरावांनी गर्दीतून विचारलं.

केशरबाईंनी क्षणभर बिभीषणाकडं बघितलं. "काय न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "श्वास नीट धरा म्हनतोय."

मग त्यांनी वीतभर डावीकडं नेम धरला आणि लाल फुगा फोडला. एकच. बंदूक परत दिली आणि घरी निघाल्या.

यंदा हनुमंतरावांनी कुस्त्याही बघितल्या नव्हत्या. चौकापाशी आल्यावर म्हणाले, "मलाबी शिकिवशील का?"

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर केशरबाईंनी त्यांना मोठ्या उमेदीनं उभं केलं. दस्ता कुठं टेकवायचा, श्वास कधी धरायचा, घाई का करायची नाही, सगळं सांगितलं. हनुमंतराव "व्हय, व्हय" करत राहिले आणि बायकोचं बोलणं संपायच्या आतच त्यांनी चाप ओढला. लिंबू पहिल्याच छर्ऱ्याला फुटलं.

मोनिकानं टाळ्या वाजवल्या. कुंपणापलीकडून आसारामानंही वाजवल्या.

रात्री केशरबाईंनी नवऱ्याला ताट वाढलं, भाकरीवर तूपही वाढलं. छर्ऱ्यांची डबी मात्र उशाखाली घेऊनच झोपल्या.